'औरंगपुऱ्या'चा शोध : इंटरनेट-मानके, शोधसाधने आणि मराठी पाठ

मराठी वाङ्मयाच्या अभ्यासकाला संदर्भसूचीचे महत्त्व वेगळे सांगावे लागत नाही. शंकर गणेश दाते यांनी १८०० ते १९३७ या कालखंडातील मराठी ग्रंथांची सूची सिद्ध केली नसती, तर एकोणिसाव्या शतकाविषयीची अनेक विधाने केवळ ऐकीव माहितीवर विसंबून राहिली असती. सूची ही ग्रंथाकडे नेणारी वाट असते आणि ती वाट कोणत्या तत्त्वावर आखली आहे हे ठाऊक नसेल, तर न सापडलेली गोष्ट अस्तित्वातच नाही असा समज होण्याचा धोका असतो. छापील सूचीबाबत ही जाणीव आपल्या विद्यापीठीय परंपरेत रुजलेली आहे. संगणकीय शोधाबाबत मात्र ती अद्याप पुरेशी रुजलेली दिसत नाही. प्रस्तुत लेखात एका विशिष्ट संगणकीय साधनप्रकाराचा परिचय करून देण्याचा आणि त्या अनुषंगाने मराठी पाठाच्या शोधातील एक मूलभूत अडचण स्पष्ट करण्याचा हेतू आहे. हे साधन म्हणजे इंटरनेटची मानके ज्या दस्तऐवजांत नमूद केलेली असतात, ते दस्तऐवज मिळवून देणारे आणि त्यांत शोध घेणारे साधन होय.

वरकरणी हा विषय अभियांत्रिकीचा वाटेल. परंतु मराठी मजकूर संगणकावर कोणत्या रूपात साठवला जातो, एका यंत्राकडून दुसऱ्याकडे कसा जातो आणि शोधताना तो सापडतो की नाही, याचा निर्णय काही अंशी याच दस्तऐवजांत झालेला आहे. शिवाय हे दस्तऐवज म्हणजे पाठ, पाठभेद, प्रमाण प्रत, टीका आणि विडंबन या साऱ्यांनी युक्त असा एक लेखनसंग्रह आहे. पाठचिकित्सेची सवय असलेल्या वाचकाला तो परका वाटण्याचे कारण नाही.

१. दस्तऐवजांची परंपरा

इंटरनेटची मानके 'रिक्वेस्ट फॉर कॉमेंट्स' या नावाच्या मालिकेत प्रसिद्ध होतात. 'अभिप्रायासाठी विनंती' असा या नावाचा सरळ अर्थ. आद्याक्षरांवरून ही मालिका 'आरएफसी' म्हणून ओळखली जाते. मालिकेतील पहिला दस्तऐवज ७ एप्रिल १९६९ रोजी स्टीव्ह क्रॉकर यांनी लिहिला. तेव्हा ते कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या लॉस एंजलिस येथील विभागात विद्यार्थी होते. आपण कोणाला आज्ञा देत नसून केवळ चर्चेसाठी टिपण मांडत आहोत, ही भूमिका नावातच व्यक्त झाली. त्याच महिन्यातील तिसऱ्या क्रमांकाच्या टिपणाने लेखनाचे संकेत ठरवले. कोणीही टिपण लिहावे, ते अपुरे असले तरी चालेल आणि त्याची किमान लांबी एक वाक्य असावी, असे त्या संकेतांचे तात्पर्य होते.

पुढे जॉन पोस्टेल यांनी या मालिकेचे संपादन केले आणि १६ ऑक्टोबर १९९८ रोजी झालेल्या निधनापर्यंत ते ही जबाबदारी सांभाळत होते. त्यांच्यावरील मृत्युलेखही व्हिंट सर्फ यांनी याच मालिकेत, २४६८ या क्रमांकाने लिहिला. मे २०२१ मध्ये मालिकेने ९००० हा क्रमांक गाठला. आरंभीची अनेक टिपणे टंकलिखित कागदावर होती. ती नंतर स्वयंसेवकांनी पुन्हा टंकित करून संगणकीय संग्रहात आणली आणि तशी नोंद त्या त्या दस्तऐवजाच्या शेवटी केली. हस्तलिखितांच्या अखेरीस लेखनिक आपले नाव आणि लेखनकाल नोंदवतो, त्या प्रथेशी या नोंदींचे साम्य लक्षणीय आहे.

या मालिकेतील प्रत्येक दस्तऐवज हे मानक असतेच असे नाही. हा गैरसमज इतका प्रचलित होता की, तो दूर करण्यासाठी एप्रिल १९९५ मध्ये १७९६ क्रमांकाचा एक स्वतंत्र दस्तऐवज प्रसिद्ध करावा लागला. काही दस्तऐवज मानके असतात, काही मानकपदाच्या वाटेवरील प्रस्ताव असतात, काही केवळ माहितीपर, काही प्रायोगिक, तर काही 'ऐतिहासिक' म्हणून बाजूला ठेवलेले असतात. काही तर निखळ विडंबने आहेत. १ एप्रिल १९९० रोजीच्या ११४९ क्रमांकाच्या दस्तऐवजात कबुतरांच्या पायांना कागद बांधून संगणकीय संदेश कसे पाठवावेत, याचे अत्यंत गंभीर शैलीत विवेचन आहे. त्यातील विनोद तारखेत आणि शैलीच्या अतिरेकात आहे. शोधसाधन मात्र तो दस्तऐवज इतरांच्या बरोबरीनेच समोर ठेवते. वाङ्मयप्रकार ओळखण्याची जबाबदारी वाचकावरच राहते.

२. शोधसाधनाची कार्यपद्धती

या दस्तऐवजांपर्यंत पोहोचण्याची साधने काळानुसार बदलत गेली. ऑगस्ट १९८७ मध्ये १००० क्रमांकाचा दस्तऐवज हा आधीच्या साऱ्या टिपणांचा मार्गदर्शक म्हणून सिद्ध करण्यात आला. म्हणजे मालिकेने आपली सूची मालिकेतच समाविष्ट केली. त्यानंतरच्या काळात ठरावीक शब्दरचनेचे पत्र संगणकीय टपालाने पाठवले की, मागितलेला दस्तऐवज उलट टपाली येत असे. आजची साधने बहुधा तीन टप्प्यांनी काम करतात.

पहिला टप्पा सूचीचा. मालिकेची एक मध्यवर्ती सूची असते आणि तीत प्रत्येक दस्तऐवजाचा क्रमांक, शीर्षक, लेखक, महिना व वर्ष, दर्जा आणि इतर दस्तऐवजांशी असलेला संबंध नोंदलेला असतो. साधन ही सूची उतरवून घेते आणि वेळोवेळी ताजी करते. दुसरा टप्पा प्रतीचा. वापरकर्त्याने क्रमांक दिला की, साधन आधी स्वतःच्या साठ्यात ती प्रत आहे का हे पाहते, नसल्यास मध्यवर्ती संग्रहातून आणून साठवते. यामुळे एकदा आणलेला दस्तऐवज पुढे इंटरनेटच्या जोडणीशिवायही वाचता येतो. तिसरा टप्पा प्रत्यक्ष शोधाचा. शोध सूचीत घेता येतो किंवा दस्तऐवजांच्या संपूर्ण मजकुरात घेता येतो. सूचीतील शोध त्वरित होतो, पण शीर्षकात नसलेला विषय त्याला दिसत नाही. संपूर्ण मजकुरातील शोधासाठी प्रत्येक शब्द कोणकोणत्या दस्तऐवजात आला आहे, याची उलटी यादी साधन आधीच तयार करून ठेवते. ज्ञानेश्वरीच्या चिकित्सक आवृत्त्यांना जोडलेली पदसूची ज्यांनी वापरली आहे, त्यांना ही कल्पना नवी नाही. फरक इतकाच की, पदसूची करणारा संपादक शब्दाचा अर्थ जाणतो, तर यंत्र केवळ चिन्हांचा क्रम जाणते.

हा फरक इंग्रजी मजकुरातही जाणवतो. ऑक्टोबर १९९७ च्या २२२३ क्रमांकाच्या दस्तऐवजाने मालिकेचे बाह्यरूप निश्चित केले होते : एका ओळीत फार तर ७२ चिन्हे आणि एका पानात फार तर ५८ ओळी. प्रत्येक पानाच्या शिरोभागी शीर्षक आणि तळाशी लेखकाचे नाव व पृष्ठांक. परिणामी दोन शब्दांचा एखादा पदबंध नेमका पानाच्या अखेरीस आला, तर त्याच्या मध्ये पृष्ठांक आणि शीर्षक येते. त्या पदबंधाचा जसाच्या तसा शोध घेणाऱ्या साधनाला तो सापडत नाही. म्हणून चांगले साधन शोधापूर्वी पृष्ठांक आणि शिरोनामे वगळते, तुटलेल्या ओळी जोडते आणि मग यादी तयार करते. शोधण्याआधी पाठ सिद्ध करावा लागतो, हा धडा इथे मिळतो. मराठीत त्याचे महत्त्व शतपटीने वाढते.

३. न बदलणारा पाठ

या मालिकेचा सर्वांत लक्षणीय नियम असा की, एकदा प्रसिद्ध झालेला दस्तऐवज पुन्हा बदलला जात नाही. त्यात चूक आढळली तर शुद्धिपत्राची नोंद स्वतंत्रपणे ठेवली जाते. मोठी सुधारणा करायची झाल्यास नवा दस्तऐवज नव्या क्रमांकाने लिहिला जातो आणि तो जुन्याला 'कालबाह्य' करतो किंवा 'अद्ययावत' करतो. संगणकीय टपालातील पत्राचे स्वरूप कसे असावे, हे सांगणाऱ्या दस्तऐवजांची परंपरा उदाहरणादाखल पाहता येईल. नोव्हेंबर १९७७ च्या ७३३ ची जागा ऑगस्ट १९८२ मध्ये ८२२ ने घेतली, त्याची एप्रिल २००१ मध्ये २८२२ ने आणि त्याची ऑक्टोबर २००८ मध्ये ५३२२ ने. चारही पाठ आजही जसेच्या तसे उपलब्ध आहेत. शोधसाधनाची खरी उपयुक्तता इथे दिसते, कारण केवळ दस्तऐवज समोर ठेवणे पुरेसे नसते. त्याचा उत्तराधिकारी कोण, हेही साधनाने सांगावे लागते. ते न पाहता जुन्या दस्तऐवजाचा आधार घेणारा लेखक, निकालात निघालेला पाठ प्रमाण मानण्याची चूक करतो.

मराठी पाठपरंपरेत याच प्रश्नाची दोन वेगळी उत्तरे दिली गेली, आणि दोन्हींचा संबंध मराठवाड्याशी आहे. पैठणच्या एकनाथांनी शके १५०६ मध्ये, म्हणजे १५८४ साली, ज्ञानेश्वरीची शुद्ध प्रत सिद्ध केली. निरनिराळ्या प्रतींत शिरलेले अपपाठ दूर करून एक पाठ निश्चित करावा आणि त्यात पुढे कोणी स्वतःच्या ओव्या मिसळू नयेत, असा त्यांचा आग्रह होता. औरंगपुऱ्यातील नाथमंदिरापासून खेडोपाडीच्या पारायणापर्यंत एकनाथांचे नाव आदराने घेतले जाते, त्यात या संपादनकार्याचाही वाटा आहे. तथापि, शुद्ध प्रत प्रचारात आल्यावर तिच्याआधीचे पाठ मागे पडले. १९०९ साली वि. का. राजवाडे यांनी एकनाथपूर्व म्हणून एका प्रतीवरून ज्ञानेश्वरी प्रसिद्ध केली, तेव्हा हरवलेल्या पायऱ्यांचा प्रश्न पुन्हा ऐरणीवर आला. दुसरे उत्तर महानुभावांचे. 'लीळाचरित्रा'ची मूळ प्रत नष्ट झाल्यानंतर ते स्मरणावरून पुन्हा सिद्ध करावे लागले. निरनिराळ्या शिष्यपरंपरांचे पाठ जुळेनात, तेव्हा त्यांतील भेद 'वासना', 'शोध' अशा संज्ञांखाली मजकुरातच नोंदवण्याची पद्धत अवलंबली गेली.

आरएफसी मालिकेची रीत या दोहोंच्या मध्ये बसते. एका वेळी एकच पाठ प्रमाण, हे एकनाथांचे तत्त्व तिने स्वीकारले आहे. मात्र जुना पाठ पुसला जाऊ नये, ही महानुभावांची सावधगिरीही तिने सांभाळली आहे. आज अनेक संगणकीय मराठी संग्रहांत मजकूर गुपचूप दुरुस्त केला जातो आणि आधीचे रूप कोणते होते याचा मागमूस राहत नाही. अशा संग्रहाचा आधार देणाऱ्या प्रबंधाची पडताळणी काही वर्षांनी करणे अशक्य होते. म्हणून या मालिकेची शिस्त वाङ्मयीन संग्रहांनाही अनुकरणीय ठरावी.

४. एका सामान्यरूपाची चार लेखने

आता मराठी पाठाच्या प्रत्यक्ष शोधाकडे वळता येईल. छत्रपती संभाजीनगर येथील औरंगपुरा हा भाग पुस्तकांच्या दुकानांमुळे आणि सरस्वती भुवन शिक्षण संस्थेच्या परिसरामुळे मराठवाड्यातील शिक्षित वर्गाला परिचित आहे. ही संस्था १९१५ सालापासूनची. समजा, मराठवाड्यातील शैक्षणिक व वाङ्मयीन जीवनाचा अभ्यास करणाऱ्या संशोधकाने संगणकीय संग्रहात 'औरंगपुरा' हा शब्द शोधला. त्याला काही नोंदी मिळतील. परंतु मराठी वाक्यात स्थलनाम मूळ रूपात क्वचितच येते. ते सामान्यरूपाने विभक्तिप्रत्यय घेते : औरंगपुऱ्यात, औरंगपुऱ्याच्या, औरंगपुऱ्याहून. 'औरंगपु' या तुकड्यानंतर मूळ शब्दातील 'रा' जाऊन 'ऱ्या' येतो. यंत्राच्या दृष्टीने हा निराळा शब्द आहे. मराठी व्याकरण न जाणणारे साधन येथेच थबकते.

ही अडचण व्याकरणाची झाली. तिच्या पोटात लिपीची दुसरी अडचण आहे. 'ऱ्या'मधील आडव्या रकाराचे संगणकावर एकाहून अधिक प्रकारे लेखन होते. युनिकोड या वर्णसंकेतातील देवनागरीचा विभाग भारतीय मानकाच्या, म्हणजे 'इस्की'च्या, १९८८ सालच्या मांडणीवर आधारलेला आहे. इस्कीच्या पद्धतीनुसार 'ऱ' या स्वतंत्र वर्णाचा पाय मोडला की आडवा रकार मिळतो. युनिकोडच्या दुसऱ्या आवृत्तीशी सुसंगती राखण्यासाठी आणखी एक प्रकारही मान्य आहे : साधा 'र', त्याचा पाय मोडण्याचे चिन्ह आणि त्यानंतर डोळ्यांना न दिसणारे, शून्य रुंदीचे जोडचिन्ह. 'ऱ' हा वर्णही 'र' आणि नुक्ता असे दोन घटक देऊन लिहिता येतो. त्यामुळे पडद्यावर एकच दिसणारा 'औरंगपुऱ्यात' हा शब्द साठवणीत तीन निरनिराळ्या चिन्हमालिकांचा असू शकतो. पहिल्या पद्धतीत त्यात ११ चिन्हे असतात, उरलेल्या दोन्हींत १२. यूटीएफ-८ या साठवणपद्धतीत देवनागरीचे प्रत्येक चिन्ह तीन बाइट घेते, अदृश्य जोडचिन्हही तीनच. म्हणजे एकच शब्द कुठे ३३ बाइटांचा, कुठे ३६ बाइटांचा. चौथे लेखन हतबलतेतून आलेले आहे : आडवा रकार टंकित करता येत नाही म्हणून त्या जागी सरळ संयोगचिन्ह देऊन 'औरंगपु-यात' असे लिहिले जाते. वाचक संदर्भाने ते समजून घेतो. यंत्र मात्र त्यात दोन शब्द पाहते.

युनिकोडपूर्व काळातील मजकुराची अवस्था याहून कठीण आहे. १९९० च्या दशकात मराठी छपाईसाठी जे टंक वापरात होते, त्यांपैकी अनेकांत रोमन अक्षरांच्या क्रमांकांवर देवनागरी आकार बसवलेले असत. टंक बदलला की मजकूर निरर्थक रोमन अक्षरांत दिसे. अशा साठ्यात मराठी शब्दाचा शोध घेणे, हे मजकूर आधी रूपांतरित केल्याशिवाय शक्य नसते, आणि प्रत्येक टंकासाठी रूपांतराचे कोष्टक वेगळे लागते.

५. मानकांतील निर्णय आणि 'दऱ्या'-'दर्या' यांचा भेद

या अडचणींवर मानके काय सांगतात, ते पाहणे उद्बोधक ठरते. जानेवारी १९९८ च्या २२७७ क्रमांकाच्या दस्तऐवजाने इंटरनेटवरील व्यवहारांत यूटीएफ-८ चा स्वीकार हे धोरण ठरवले. यूटीएफ-८ चे सध्याचे प्रमाण वर्णन नोव्हेंबर २००३ च्या ३६२९ मध्ये आहे. मार्च २००८ चा ५१९८ हा दस्तऐवज मजकूर एकमेकांस पाठवताना तो समान रूपात आणण्याची शिफारस करतो. या समान रूपामुळे 'र' अधिक नुक्ता आणि 'ऱ' हे एक होतात. परंतु अदृश्य जोडचिन्हाचे लेखन आणि 'ऱ्' हे मात्र एक होत नाहीत, कारण युनिकोडच्या दृष्टीने ते समतुल्य नाहीत. म्हणजे मानकाचे तंतोतंत पालन केले तरी तीन लेखनांची दोन लेखने उरतातच.

मग अदृश्य चिन्ह सरसकट वगळावे, असा सोपा उपाय सुचतो. इंटरनेटवरील नावांसाठी तो एकदा अमलात आलेलाही होता. इंग्रजीखेरीज इतर लिप्यांतील नावांविषयी मार्च २००३ मध्ये ३४९० आणि ३४९१ हे दस्तऐवज प्रसिद्ध झाले आणि त्यांना डिसेंबर २००२ च्या ३४५४ क्रमांकाचा आधार होता. त्यातील एका कोष्टकानुसार शून्य रुंदीची जोडचिन्हे नावातून काढून टाकली जात. परिणामी जोडचिन्हाने लिहिलेला आडवा रकार नाहीसा होऊन त्या जागी रफार येई. मराठीत हा केवळ दिसण्याचा फरक नाही. डोंगरांतील 'दऱ्या' आणि समुद्र या अर्थाचा 'दर्या' हे दोन शब्द आहेत. स्वयंपाक करणाऱ्या 'आचाऱ्यास' आणि विद्या देणाऱ्या 'आचार्यास' यांत घोटाळा झाला, तर वाक्याचा अर्थच पालटतो. हिंदी किंवा संस्कृतच्या लेखनात हा भेद उद्भवत नसल्यामुळे देवनागरी म्हणून एकत्रित विचार करताना तो सहज नजरेआड होतो.

ऑगस्ट २०१० मध्ये ५८९० ते ५८९४ या दस्तऐवजांनी जुन्या व्यवस्थेची जागा घेतली. त्यांतील पॅट्रिक फाल्टस्ट्रॉम यांच्या ५८९२ क्रमांकाच्या दस्तऐवजात जोडचिन्हाला सशर्त प्रवेश देण्यात आला : त्याच्या लगेच आधी 'विराम' या वर्गातील चिन्ह असले पाहिजे. आडव्या रकाराच्या लेखनात पाय मोडण्याचे चिन्ह आधी असतेच, त्यामुळे ही अट पूर्ण होते. अर्थात अशी नावे प्रत्यक्ष नोंदवून घ्यावीत की नाही, हे प्रत्येक नोंदणीव्यवस्थेच्या धोरणावर अवलंबून राहिले. तथापि, 'दऱ्या' आणि 'दर्या' यांना बळजबरीने एक करणारा नियम मानकातून गेला, हे महत्त्वाचे.

शोधाच्या दृष्टीने या प्रसंगातून एक सूक्ष्म गोष्ट लक्षात येते. मराठीच्या लेखनावर परिणाम करणाऱ्या या नियमाच्या सूत्रात मराठीचे नाव नाही, देवनागरीचेही नाही. तेथे आहे तो 'विराम' हा संस्कृत शब्द. पाणिनीने 'अवसान' या संज्ञेची व्याख्या करताना वापरलेला हा शब्द युनिकोडमध्ये हलन्त चिन्हाचे नाव म्हणून रूढ झाला आणि तेथून इंटरनेटच्या मानकांत आला. सामान्य मराठी माणूस त्याला 'पाय मोडणे' म्हणतो. ज्या अभ्यासकाने भाषेच्या नावाने शोध घेतला, त्याच्या हाती हे सूत्र लागण्याची शक्यता कमी. परिभाषेचा इतिहास ठाऊक असलेल्यालाच योग्य शोधशब्द सुचतो.

६. विध्यर्थाचा प्रश्न

मानकांची भाषा हा भाषाभ्यासकासाठी आणखी एक विषय आहे. मार्च १९९७ मध्ये स्कॉट ब्रॅडनर यांनी २११९ क्रमांकाच्या दस्तऐवजात आज्ञार्थी शब्दांच्या पायऱ्या निश्चित केल्या. एक शब्द संपूर्ण अनिवार्यतेचा. दुसरा शिफारशीचा : सबळ कारण असल्यास ती बाजूला ठेवता येते, परंतु परिणामांचा पूर्ण विचार करूनच. तिसरा निव्वळ मुभेचा. मे २०१७ च्या ८१७४ ने स्पष्ट केले की, हे पारिभाषिक अर्थ केवळ मोठ्या लिपीतील शब्दांनाच लागू होतात.

या दस्तऐवजांच्या भाषांतराला मालिकेच्या धोरणाने मुभा दिलेली आहे. परंतु मराठी भाषांतरकारापुढे दोन अडचणी उभ्या राहतात. मराठीतील '-आवे' हा विध्यर्थ कर्तव्य, सूचना, परवानगी आणि इच्छा अशा अनेक छटा धारण करतो. 'प्रत पाठवावी' या वाक्यात आज्ञा किती आणि विनंती किती, हे संदर्भच ठरवतो. शासकीय परिपत्रकात तो जवळजवळ हुकूम असतो, पत्रात तो सौजन्य असतो. दुसरी अडचण लिपीची. देवनागरीत मोठी आणि लहान लिपी असा भेद नाही, त्यामुळे पारिभाषिक शब्द ओळखण्याची मूळ खूण भाषांतरात टिकत नाही. 'अनिवार्य आहे', 'शिफारस आहे', 'मुभा आहे' अशी ठरावीक पदे योजून आणि ती ठळक टंकात देऊन मार्ग काढता येईल. मात्र त्यासाठी परिभाषा आधी एकमताने निश्चित करावी लागेल. मराठी विभागांनी हाती घेण्याजोगे हे काम आहे.

७. अभ्यासकाने घ्यावयाची दक्षता

वरील विवेचनावरून संगणकीय शोधाविषयी काही व्यावहारिक सूत्रे मांडता येतात. पहिले, शोधशब्दाच्या मूळ रूपाबरोबर त्याचे सामान्यरूपही स्वतंत्रपणे शोधावे. दुसरे, आडव्या रकाराचे शब्द असल्यास निदान तीन लेखनांनी शोध घ्यावा : 'ऱ' वापरून, जोडचिन्ह वापरून आणि संयोगचिन्ह वापरून. तिसरे, हीच दक्षता 'ॲ' या स्वराबाबत घ्यावी. त्याला युनिकोडमध्ये स्वतंत्र स्थान २००८ साली मिळाले. त्यापूर्वीच्या मजकुरात तो 'अ' आणि चंद्र अशा दोन चिन्हांनी लिहिलेला आढळतो. ॲरिस्टॉटलविषयीचे लेखन शोधणाऱ्याला याचा अनुभव येईल. चौथे, नामांतरे लक्षात ठेवावीत. औरंगाबाद शहराचे अधिकृत नाव २०२३ पासून छत्रपती संभाजीनगर झाले आणि मराठवाडा विद्यापीठाच्या नावात १९९४ साली डॉ. बाबासाहेब आंबेडकर यांचे नाव आले. एकाच नावाने शोध घेतल्यास काळाचा एक तुकडा हातातून निसटतो. पाचवे, शोध कोणत्या संग्रहात, कोणत्या दिवशी आणि कोणत्या शब्दरूपांनी घेतला, हे प्रबंधात नोंदवावे.

संग्रह निर्माण करणाऱ्यांची जबाबदारी वेगळी आहे. त्यांनी मूळ मजकूर जसाच्या तसा ठेवून शोधासाठी त्याची निराळी, एकरूप केलेली यादी तयार करावी. आडव्या रकाराची सारी लेखने तीत 'ऱ्' या एकाच रूपाखाली यावीत. रफार मात्र त्यात मिसळू नये. संयोगचिन्हाचे लेखन तपासूनच त्यात घ्यावे, कारण 'या' हे स्वतंत्र सर्वनामही आहे. एकरूपता आणि सपाटीकरण यांतील ही सीमारेषा यंत्राला आपोआप कळत नाही. ती मराठी जाणणाऱ्यानेच आखून द्यावी लागते.

समारोप

'अमुक शब्द अमुक काळात आढळत नाही' हे विधान वाङ्मयेतिहासात आणि भाषेच्या इतिहासात वारंवार केले जाते. पूर्वी अशा विधानामागे वर्षानुवर्षांचे वाचन असे. आता ते काही क्षणांच्या शोधावर आधारले जाण्याची शक्यता वाढली आहे. शोधाचा निष्कर्ष शून्य आला तर त्याचे कारण मजकुरात असू शकते, लेखनपद्धतीत असू शकते किंवा ज्या मानकानुसार मजकूर हाताळला गेला त्या मानकात असू शकते. या तिसऱ्या शक्यतेची तपासणी करण्यासाठी मानके वाचता आली पाहिजेत. ती कोणासही विनामूल्य मिळतात, त्यांचे जुने पाठ सुरक्षित आहेत आणि ती शोधण्याची साधने सुलभ आहेत. मानकांचा मसुदा तयार होत असताना त्यावर मत मांडण्यासाठी कोणत्याही पदाची वा पदवीची अट नसते. 'दऱ्या' आणि 'दर्या' यांच्यातील भेद सात वर्षे मानकाबाहेर राहिला. असा भेद मसुद्याच्या टप्प्यावरच दाखवून देणे, हे मराठी लिपी आणि व्याकरण शिकवणाऱ्यांच्या आवाक्यातील काम आहे. त्यासाठी मसुदा आधी वाचावा लागेल.